ओविदियोची पावती

पुंता अरेनासहून सांतियागो,
समुद्रातल्या काचेच्या धाग्याने सव्वादोन हजार किलोमीटर धरा.
काचेतून जाताना प्रकाशाचेही पाय जड होतात.
जाऊन-येऊन बावीस मिलीसेकंद तर त्याचेच;
ते कुणाच्या बापाला कमी करता येणार नाहीत.
उरलेल्यांचा हिशेब माझ्याकडे.

हिशेब सोपा नव्हता.
नुसतं जाणं किती, नुसतं येणं किती, हे कळतच नाही;
इकडचं घड्याळ तिकडच्या घड्याळाशी वीस मिलीसेकंदांनी भांडतं.
एकदा तर कागदोपत्री
हाक निघण्याआधीच पोचलेली होती.
म्हणून मी फेरीच मोजते, माझ्याच घड्याळावर,
आणि मधल्या वाटेबद्दल गप्प राहते.

आलेखात सगळं आलबेल होतं.
सरासरी त्र्याहत्तर. रेघ इतकी सपाट
की तिच्यावर कप ठेवावा.
सांतियागोतून ब्रिसेन्यो साहेबांनी कळवलं, छान.
ते चोविसाव्या मजल्यावर, उंटावरून शेळ्या हाकणार,
आणि इकडे ओविदियो बार्रिया
सेंतोया खेकड्यांचे अकरा क्रेट धक्क्यावर मांडून
उतरवणीच्या पावतीसाठी उभा.
म्हणायचा, नेलिदा,
तुझं यंत्र मधेच कुठेतरी बघत बसतं.
कधी? विचारलं तर म्हणे, रोज. दर वेळी.

मी सरासरी फोडून पाहिली.
आत त्र्याहत्तरची एकही हाक नव्हती.
जवळजवळ सगळ्या तेहतिसात परतलेल्या,
आणि शंभरातली एक
चार हजारांची.
शंभरातली एक म्हणजे काय मोठं,
असं म्हणून मी फाईल मिटणार होते.
मग आठवलं, एका पावतीमागे साठ हाका जातात:
बोटीचा नंबर, परवाना, वजन, कोटा,
पुन्हा परवाना (का, ते कुणालाच माहीत नाही).
साठांतल्या साठही चुकवून निसटायचं
म्हणजे जवळजवळ छापा-काटा.

दोनात एक, मी ओविदियोला सांगितलं.
तो म्हणाला, दर वेळी.
मच्छीमाराचा मासा आणि मच्छीमाराची वाट,
दोन्ही हातभर वाढवून घ्यायची, असं मला वाटलं.

चूक माझी होती.
माझा मोजणारा प्रोग्राम एक हाक मारायचा,
उत्तर येईपर्यंत थांबायचा,
मग दुसरी.
तिकडचं मशीन चार सेकंद आपली आठवण झाडत बसलं
(घोडं पेंड खात होतं ते तिथे)
की माझा प्रोग्रामही शहाण्यासारखा गप्प.
त्या चार सेकंदांत जे बोलले असते,
ज्यांना तीन, अडीच, दोन सेकंद
तिष्ठावं लागलं असतं,
त्यांची नोंदच नाही.
थांबण्याचं मोजमाप करणाराच थांबला होता,
आणि धक्क्यावर पहाटे सहाला
सतरा बोटी एकदमच येतात.

आता मी दर दहा मिलीसेकंदांनी हाक सोडते,
आधीच्या हाकेचं काय झालं याची वाट न बघता.
आलेख एका रात्रीत उभा राहिला.
साहेबांचा फोन: यंत्रणा अचानक मंदावली कशी?
मंदावली नाही, म्हटलं. ती तशीच होती.
बराच वेळ पलीकडून काही आलं नाही.
तो वेळ लाइनचा की माणसाचा,
मी ठरवायला गेले नाही.

काल पहाटे धक्क्यावर गेले.
वारा असा, की कोपऱ्यावरचा दोर धरून चालावं लागलं.
ओविदियोने बटण दाबलं.
क्रेटमध्ये खेकडे पाय हलवत होते, घाई नसल्यासारखे.
मी तोंडातल्या तोंडात मोजू लागले:
एक. दोन. तीन.
चारावर होते की पाचावर,
मागून कुणीतरी शिवी हासडली आणि आकडा सुटला.
पावती आली.
ओविदियोने ती न वाचता खिशात कोंबली
आणि क्रेटला हात घातला.
म्हणाला, दुसरीकडून धर.